टेकडीवरचा चुन्याचा गोल

आमचे घरमालक दिवसातले निदान दोन तास पालथे पडलेले असत. गच्चीच्या कडेला पोतं अंथरायचं, पोटावर झोपायचं, डोकं गच्चीच्या बाहेर काढायचं आणि खाली अंगणात काय चाललंय ते बघत राहायचं. त्यासाठी त्यांनी गच्चीला कठडाच बांधू दिला नव्हता. गवंड्यानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यालाच शेजारी पालथं पाडून दाखवलं, की कठडा असला तर खालचं काय कप्पाळ दिसणार.

मी भाड्यानं खोली बघायला गेले तेव्हा त्यांचं पहिलं दर्शन असंच झालं. अंगणात शिरले आणि वरून आवाज आला, "डावीकडं एक पाऊल. आनखी अर्धं. बास. आता वर बघा." मी मुकाट्यानं तसं केलं. वर बघितलं तर पांढऱ्या मिश्यांचं एक डोकं लोंबत होतं. खाली बघितलं तर मी जिथं पाय टाकणार होते तिथं म्हशीचा ताजा पो पडलेला होता. खोलीला खिडकी किती, पाणी कधी येतं, हे काही न विचारता मी राहायला येते म्हणून सांगून टाकलं.

मी तेव्हा वनरक्षक म्हणून नुकतीच लागले होते. माहेर जळकोटचं, हायवेच्या कडेचं, ट्रकचे हॉर्न ऐकत वाढलेली. नेमणूक मिळाली ती भूमच्याही पलीकडं, बालाघाटाच्या उतारावरच्या एका गावात. तिथं दिवसाला दोन एसट्या यायच्या आणि दुसरी आलीच तर लोक कौतुकानं बघायचे. घरमालकांना गाव फौजी म्हणायचं. मी फौजीकाका म्हणू लागले.

काका फौजेत हेलिकॉप्टरवर होते, आणि तिथून सुटल्यावर एका खासगी कंपनीत, तेही हेलिकॉप्टरवरच. उडवायचं काम त्यांचं नव्हतं. उत्तरेकडच्या डोंगरांत उन्हाळ्यात जंगलं पेटतात. तेव्हा हेलिकॉप्टरच्या पोटाखाली लांब दोरानं एक भलीमोठी कापडी बादली बांधतात. ती तळ्यात बुडवून भरायची, आगीवर नेऊन ओतायची आणि परत तळ्यावर यायचं. पायलटला आपल्या पोटाखालचं काही दिसत नाही. म्हणून दारात एक माणूस पट्टा बांधून पालथा पडलेला असतो, डोकं बाहेर काढून, आणि तो सारखा बोलत असतो. उजवीकडं दोन हात, खाली चार हात, तीन, दोन, धर, धर, बास. पायलट त्या आवाजावर उडतो. काकांनी आयुष्याची पंचवीसेक वर्षं तो आवाज होण्यात घालवली होती.

त्या आवाजाची किंमत गावाला बरोबर कळली होती. कुणाच्या विहिरीत पाणबुडी मोटार सोडायची असली की आधी फौजीला बोलावणं जायचं. काका टॉवेल घेऊन जायचे, विहिरीच्या काठावर अंथरून पालथे पडायचे आणि डोकं आत घालायचे. वर दोर धरलेली पाच-सहा माणसं, खाली अंधार. काकांचा आवाज विहिरीत घुमून वर यायचा, सपाट, संथ, त्यात घाई नाही की काळजी नाही. मोटार कपारीला घासली, दोर करकरला, एकदा तर एका गड्याचा हात सुटला, पण आवाज जिथल्या तिथं. मी त्यांना विचारलं होतं, की तुम्हाला भीती वाटत नाही का. ते म्हणाले की वाटते की, पण भीती आवाजात गेली की तिथून पायलटच्या हातात उतरते, म्हणून ती पोटात ठेवायची. मी आजही हाताखालच्या मजुरांशी बोलताना हे आठवते आणि निम्म्या वेळा विसरतेही, कारण माझा मूळचा आवाज हायवेचा आहे.

भूमच्या बाजारच्या दिवशी एसटी उलटी घ्यायची वेळ आली, की ड्रायव्हर कंडक्टरकडं बघायचाच नाही. काका स्टँडवर आहेत का ते बघायचा.

घरात त्यांची भाषा वेगळीच होती. मी जमिनीवरून आग विझवणारी, म्हणून मला ते ग्राउंड म्हणायचे. "ग्राउंड, जेवलीस का?" काकू म्हणजे हेलिकॉप्टरनं परत यायचा तळ, म्हणून त्यांना ते बेस म्हणायचे. "बेस, च्या टाक." शेजारणींची बरीच वर्षं अशी समजूत होती, की हा माणूस बायकोचं उठल्याबसल्या बेस, बेस म्हणून कौतुक करतो. काकूंनी ती समजूत कधी मोडली नाही.

काकू मात्र त्यांच्यावर वरताण होत्या. अंगणातल्या बांबूला वारा बघायला म्हणून काकांनी कापडाची एक लांब नळी बांधली होती, ती काकूंच्या परकराची. पहिली नळी उन्हानं विरली की दुसरी, दुसरी विरली की तिसरी. काकूंचं म्हणणं एवढंच होतं, की मेल्यावर माझ्या अंगावर घालायला तरी एक धड ठेवा. काका चहा घेता का विचारलं तरी आधी त्या नळीकडं बघायचे आणि मग हो म्हणायचे. वाऱ्याचा आणि चहाचा काय संबंध, हे मला तीन वर्षांत कळलं नाही.

कुठलंही तळं, शेततळं, धरण दिसलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे. खोली किती आणि वर तार हाय का. एखाद्यानं कर्ज काढून, घाम गाळून शेततळं केलेलं, तो बिचारा हौसेनं दाखवायला न्यायचा आणि काका आभाळाकडं बघत म्हणायचे, "तळं झ्याक हाय, पर ही तार काढ. बादली आडकंल." गावच्या पाझर तलावावरून शेतीपंपांची एक वीजवाहिनी गेली होती. ती हलवावी म्हणून त्यांनी इतके अर्ज केले होते, की त्यांची फाईल माझ्या उशीपेक्षा जाड होती. अर्जात कारण लिहायचे, "भविष्यात हेलिकॉप्टरला पाणी घेण्यास अडथळा." साहेब लोक अर्ज वाचून हसायचे. एका वर्षी खांब वाकला म्हणून तार हलवली, तर काकांनी गावाला पेढे वाटले.

आणि टेकडी. गावाच्या मागं गायरानाची एक बोडकी टेकडी होती आणि तिच्या सपाट माथ्यावर काकांनी नोकरीतून गावी परतल्या वर्षीच दगड मांडून मोठा गोल केला होता. गोलाच्या आत इंग्रजी एच. दरवर्षी होळीच्या आधी, गवत वाळून आगीचे दिवस सुरू व्हायच्या सुमाराला, काका चुन्याची बादली घेऊन चढायचे आणि दगडन् दगड पांढरा करायचे. इथं हेलिकॉप्टर उतरणार, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. डोंगर पेटतोय तर कधीतरी येईल, आणि आलं तर त्याला जागा नको का, एवढाच त्यांचा हिशेब. लोकांनी थट्टा करून बघितली. मग थट्टा संपली आणि हळदीकुंकू सुरू झालं. गवताला जाणाऱ्या बायका एचच्या मधल्या दगडावर हळद वाहू लागल्या, कुणीतरी नारळ फोडला. आयुष्यात मी त्यांना चिडलेलं पाहिलं ते त्या एकदाच. हात जोडून ते बायकांना सांगत होते, की कुंकू लावा, शेंदूर लावा, पण करवंट्या इथं टाकू नका, पंख्याच्या वाऱ्यानं त्या गोळीसारख्या उडतात.

त्या गोलावरून माझं आणि त्यांचं एकदा वाजलंही. वरिष्ठांनी विचारलं की वनाच्या हद्दीत हे काय प्रकरण आहे. मी नवी होते, नोकरीचा ताठा होता. काकांना म्हणाले की हे पुसावं लागेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टेकडीवर नेलं, हद्दीच्या दगडापासून दोरी लावली आणि गोल सहा हात बाहेर आहे हे दाखवलं. आधी मोजून मग बांधलेला होता. मी माफी मागितली, तर म्हणाले की ग्राउंडनं शंका घ्यायचीच असते.

माझ्या कामाबद्दल त्यांना जेवढा आदर होता तेवढा माझ्या घरच्यांनाही नव्हता. आमच्याकडं आग विझवायची म्हणजे काय, तर कडुनिंबाच्या नाहीतर करंजाच्या डहाळ्या, दोन फावडी आणि पाठीवर अडकवायचं एक ब्लोअर मशीन. वाऱ्याच्या जोरावर ते पेटतं गवत जळालेल्या बाजूला मागं ढकलतं. मी एकदा वैतागून म्हणाले, की तुम्ही आभाळातून हजार हजार लिटर ओतायचात आणि आम्ही इथं फांद्या आपटतोय. काका उठून बसले. "आग पानी न्हाय विझवत, पोरी. मानूस विझवतो. आमी वरनं पानी टाकून तुमास्नी येळ काडून द्यायचो. त्या येळंत खालचा मानूस पोचला न्हाय, तर अर्ध्या तासात आग हाय तिथंच." हे सांगताना त्यांनी मला ग्राउंड म्हटलं नव्हतं, म्हणून लक्षात राहिलं.

फाल्गुनात आम्ही जाळरेषा काढायला, म्हणजे आग पुढं जाऊ नये म्हणून गवताचा पट्टा आपणच जाळून ठेवायला निघालो, की काका गच्चीवरून माणसं मोजायचे. संध्याकाळी परत आलो की पुन्हा मोजायचे. आकडा जुळेपर्यंत जेवायचे नाहीत. काकू मला म्हणायच्या, "तुमी यीस्तोवर ह्यांचं ताट वाडायचं न्हाय बगा. तुझ्यापायी म्या बी उपाशी." एकदा एक मजूर परस्पर सासुरवाडीला निघून गेला आणि त्यापायी आम्ही सगळ्यांनी भाकरी पार गार झाल्यावर खाल्ली.

पारावर लोक त्यांना आगीच्या गोष्टी सांगायला लावायचे. काका सांगायचेही. डोंगर, धूर, तळ्यावर घेतलेली गिरकी, बादली कशी नेमकी आगीच्या तोंडावर पडली. पोरं, म्हातारी, सगळे तोंड उघडून ऐकायचे. पण एक मी टिपलं होतं. गोष्ट नेहमी बादली पडल्यावर संपायची. मग काय झालं असं कुणी विचारलं, की काका उठायचे आणि बांबूवरची नळी बघायला जायचे.

आता त्या दिवसाचं सांगते.

चैत्र संपत आला होता. पलीकडच्या गावात एका बड्या कंत्राटदाराच्या मुलाचं लग्न होतं आणि नवरी हेलिकॉप्टरनं येणार होती. आठ दिवस पंचक्रोशीत दुसरा विषय नव्हता. हेलिकॉप्टर आमच्या टेकडीवरूनच जाणार हे काकांनी दिशा बघून आधीच सांगितलं होतं. त्या सकाळी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, गोलाला चुन्याचा नवा हात दिला आणि आठ वाजल्यापासून वर जाऊन बसले. सोळा वर्षं ज्या टेकडीवर चिमणीही उतरली नव्हती तिच्यावरून आज निदान एक हेलिकॉप्टर जाणार होतं. काकू म्हणाल्या, लग्न कुणाचं आन् नवरदेव कोन.

दुपारी टेकडीच्या पूर्वेच्या उतारावर धूर दिसला. विडी म्हणा, काही म्हणा, घळीतून आग निघाली होती आणि वाऱ्यानं खाली सरकत होती. उताराच्या पायथ्याशी मेंढरांचा तळ पडला होता. कळप चरायला गेलेला, पण करडं, कोकरं तिथंच वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात कोंडलेली. मी मजूर गोळा केले, गावातली माणसं आली. मेंढपाळांची म्हातारीही डहाळी घेऊन आमच्यात शिरली, ती माघारी जाईना. काकांचा फोन आला. "एकोणीस मानसं निगाली. बरुबर?" मी स्वतःला आणि म्हातारीला धरून मोजली. एकोणीस होती.

फोन स्पीकरवर टाकून मी वरच्या खिशात ठेवला. काका माथ्याच्या कडेला पालथे पडले होते आणि आम्हाला धुरात जे दिसत नव्हतं ते त्यांना दिसत होतं. उजवीकडं दहा पावलं, तिथं नवी जीभ निघाली आहे. म्हातारीला मागं घे. ब्लोअर डाव्या टोकाला लाव. तासाभरानं वारा पडला आणि आम्ही जिंकत आलो. पुढं गुडघाभर आग उरली होती. पण पाठीमागं कंबरभर कुसळी गवत होतं, वाळून खडखडीत झालेलं, थेट कोकरांच्या वाघरीपर्यंत.

तेवढ्यात हेलिकॉप्टर आलं.

ते जात नव्हतं, आमच्याकडंच येत होतं. झालं होतं असं, की टेकडीवरून न येता दुसऱ्याच बाजूनं नवरीला उतरवून ते रिकामं उभं होतं आणि आमच्या सरपंचांनी कंत्राटदाराला फोन लावला होता. सरपंच भला माणूस. त्यांनी सोळा वर्षं काकांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. शिवाय माझं ब्लोअर मशीन वाऱ्यानं आग मागं ढकलतं हे डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांचं गणित सरळ होतं, हेलिकॉप्टर म्हणजे मोठं ब्लोअर. बादली नसली तर नसली, पंख्यानं एका फुंकरीत आग विझेल, आणि नाही विझली तर फौजीच्या गोलावर उतरवून पुढचं फौजीलाच विचारू. माथ्यावर निम्मं गाव जमलं होतं, टॉवेल हलवून त्याला खाली बोलवत होतं.

आणि खोटं कशाला बोलू, खाली मीही तेच करत होते. हात भाजले होते, घशात राख होती, आणि आभाळातून मदत आली असं मला खरंच वाटलं. मी फोनमध्ये ओरडले, "काका, घ्या त्याला खाली." पण वर फोन गवतात टाकून काका उठले होते.

खालून मला एवढंच दिसलं, की पांढरा शर्ट कडेवरून नाहीसा झाला. बाकीचं वरच्या लोकांनी सांगितलं. काका पळाले. त्या वयात, ते गुडघे घेऊन, गर्दीतून धक्के देत पळाले आणि गोलाच्या मधोमध, एचवर जाऊन उभे राहिले. हेलिकॉप्टरच्या दाराला लग्नाच्या झेंडूच्या माळा तशाच होत्या. काकांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि फुली केली. उतरू नको. सरपंच त्यांचा दंड ओढत होते, ते हलले नाहीत. धूळ उठली, टोपी उडाली, चुन्याचा ढग झाला. फुली तशीच.

त्याचवेळी वाऱ्याचा पहिला झोत आमच्यापर्यंत पोचला. अजून ते बरंच उंच होतं, म्हणजे झोत नुसता वानगीदाखल होता. पण गुडघाभर आग एकदम माझ्या खांद्याइतकी झाली आणि आमच्या अंगावर वाकली. पेटत्या काड्या डोक्यावरून जाऊन मागच्या कुसळीत पडल्या, तिथं दोन ठिकाणी धूर निघाला. आमचं मशीन एका बाजूनं, आगीला जळालेल्या बाजूला रेटत फुंकतं. हा वारा वरून येऊन चारी बाजूंना पळत होता, परातीत ओतलेल्या पाण्यासारखा. ते आणखी वीस हात खाली आलं असतं तर पुढून आग, मागून आग आणि मध्ये आम्ही एकोणीस जण. मी लहानपणापासून चुलीत फुंकर घालत आलेली बाई, फुंकरीनं काय होतं हे मला कळायला हवं होतं.

पायलट जाणता होता. ती फुली जगात सगळीकडं एकच असते. हेलिकॉप्टर क्षणभर थबकलं, सरळ वर उचललं गेलं आणि वळून निघून गेलं. मागच्या दोन ठिणग्या म्हातारीनंच झोडपून विझवल्या. पुढची आग विझवायला आम्हाला आणखी पाऊण तास लागला. कोकरं वाचली.

पुढचं आधी सांगून टाकते. सरपंच दोन महिने काकांशी बोलले नाहीत, कारण कंत्राटदारासमोर त्यांची शोभा झाली होती. शेवटी त्यांच्याच विहिरीतली मोटार जळाली आणि नवी सोडायची वेळ आली. काका बोलावण्याची वाट न बघता टॉवेल घेऊन गेले. मोटार पाण्याला टेकली, बास म्हणून झालं, आणि मग विहिरीच्या काठावर बसून त्यांनी सगळ्यांच्या देखत गोष्टीचा तो उरलेला भाग पहिल्यांदा सांगितला.

कंपनीत असतानाची गोष्ट. डोंगरात एका वस्तीच्या वर आग लागली होती. बादली अगदी नेमकी पडावी म्हणून पायलटला आणखी खाली, आणखी खाली असं काकाच सांगत गेले. बादली नेमकी पडली. खाली एका घरापुढं एक म्हातारी उभी होती. "तिनं वर बगून हात जोडलं. आमाला. आन् तिच्या मागं तिचाच गोठा पेटला हुता. आमच्या वाऱ्यानं. म्या वरनं बगत हुतो, तिला आजून ठावं न्हवतं." आत दोन म्हशी होत्या. मग काका म्हणाले, की तुम्हाला मी नेहमी अर्धीच गोष्ट सांगितली, कारण अर्ध्या गोष्टीत मी मोठा दिसायचो. तुम्ही त्या दिवशी हेलिकॉप्टर बोलावलंत ते माझ्या त्या अर्ध्या गोष्टीनं बोलावलं. चूक सरपंचांची नाही.

पुढच्या होळीला सरपंच चुन्याचं पोतं घेऊन टेकडीवर आले. आता एचवर मोठी फुली आहे. आधी विचारल्याशिवाय उतरू नये, असा तिचा अर्थ. काका रंगवतात आणि सरपंच दोरी धरतात.

आणखी एक काकूंनी मला सांगितलेलं. त्या संध्याकाळी काका घरी आले, हातपाय धुतले, आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "बेस, कसं हुतं गं ते? रंग कंचा हुता?" धुळीनं त्यांचे डोळे मिटलेले होते. सोळा वर्षं ज्याची वाट बघितली ते डोक्यावर पन्नास हातांवर आलं आणि त्यांना बघताच आलं नव्हतं. काकूंनी सांगितलं, पांढरं होतं, निळा पट्टा होता. काकांनी मान हलवली आणि चहा प्यायला. बांबूकडं बघितलं नाही.

माझी बदली होऊन आता मी सास्तूरच्या बाजूला आहे. माणसं मोजल्याशिवाय मीही डोंगरात पाठवत नाही. पण काका आठवतात ते मला त्या दिवशी दुपारी दिसले तसे.

आग विझली आणि आम्ही चढ चढायला लागलो. मी रागातच होते. मागच्या ठिणग्या डोळ्यांनी बघूनही डोक्यात एकच होतं, की आलेली मदत या माणसानं परत का पाठवली. वरून सरपंचांचा आवाज येत होता. ते काकांच्या डोक्यावर उभे राहून वाट्टेल ते बोलत होते. अख्ख्या जन्मात एकदा आलं आणि हाकलून दिलंत, लोकांना काय तोंड दाखवू, असं बरंच काही. काका कडेला पालथे पडले होते. पांढरा शर्ट चुन्यानं आणि मातीनं माखला होता. ते खाली आमच्याकडं बघत होते आणि धुरातून एकेक माणूस वर निघालं की सपाट आवाजात आकडा म्हणत होते. बारा. तेरा. चौदा. त्या आवाजात घाई नव्हती की काळजी नव्हती. माझा राग कधी गेला मला कळलं नाही.

सगळ्यात शेवटी मी आणि मेंढपाळांची म्हातारी होतो. म्हातारी माझ्या दंडाला धरून चढत होती. अर्ध्या चढावर ती दम घ्यायला थांबली, तेव्हा वरचा आवाजही थांबला. ती पुन्हा निघाली. काठाशी तिला मी पुढं केलं.

"अठरा," काका म्हणाले.

मी पाय उचलला.

"डावीकडं एक पाऊल. तितला दगुड ढिला हाय." मी पाऊल सरकवलं आणि वर आले. काकांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागच्या रिकाम्या उताराकडं.

"एकोणीस," ते म्हणाले. "बास."